निळ्या पट्टीचा चिरूट

शुक्रवारी सकाळपासून मी काही खात नसे. चहासुद्धा नाही. साध्या पाण्यानं तीनदा चूळ भरायची आणि दुपारी तीन वाजता कारखान्याच्या मागच्या खिडकीपाशी स्टुलावर जाऊन बसायचं. आठ टेबलांवरचे आठ चिरूट पत्र्याच्या ताटलीत मांडून ठेवलेले असत. एक पेटवायचा, तीन झुरके घ्यायचे, खाली ठेवायचा, पुढचा पेटवायचा. आठही झाले की पुन्हा पहिल्यापासून, मधल्या भागाचे तीन झुरके. शेवटचा तिसरा हिस्सा ओढायचा नाही. तिथे सगळे चिरूट सारखेच लागतात, थकलेली माणसं सारखीच बोलतात तसे. थोटकं डब्यात टाकायची, ती संध्याकाळी पहारेकरी घेऊन जाई. मग वहीत प्रत्येक टेबलापुढे एक शब्द लिहायचा. सौम्य, कडक, ठीक किंवा परत. ‘परत’ लिहिलं की त्या टेबलाचा आठवड्याचा सगळा माल उकलायचा आणि पुन्हा वळायचा.

हे काम माझ्याकडे एकवीस वर्षं होतं. त्याआधी मी टेबलावर वळायला होतो. थोरल्या मालकांनी मला चव बघायला बसवलं तेव्हा मला लिहिता येत नव्हतं. वहीत गोल, फुली, काडी अशा खुणा करायचो. त्या खुणा माझ्याशिवाय कुणाला लागत नसत, म्हणून पंचेचाळिसाव्या वर्षी अक्षरं शिकलो. आधी हे चार शब्द, बाकीचे नंतर सावकाश.

आमचा चिरूट स्वस्तातला. एका चहाच्या पैशात दोन. ओढणारे कोण, तर पहारेकरी, ट्रकवाले, हमाल, दुकानाच्या पायरीवर दिवस काढणारे म्हातारे. डबीत जपून ठेवायचा हा माल नाही, कानावर खोचायचा. कमरेला कागदाची निळी पट्टी, बाकी थाट काही नाही. पण माल प्रामाणिक होता. पहिल्या झुरक्याला वाळलेलं गवत, मग जिभेच्या मधोमध जळक्या साखरेची गोडी, आणि शेवटी टाळूला मिऱ्यासारखी बारीक टोच. हे मी आठवणीतून लिहितो आहे. दोन वर्षांपूर्वी मला ताप आला. अकरा दिवस राहिला आणि जाताना माझी चव आणि वास, दोन्ही घेऊन गेला.

मी कुणाला सांगितलं नाही. चव बघणाऱ्याला चव लागत नाही म्हणजे वाजंत्र्याला ऐकू येत नाही म्हटल्यासारखं. अक्काला मात्र आठवड्याभरात कळलं.

अक्का माझी थोरली बहीण, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. तिचा नवरा गेला, माझी बायको गेली, मग लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच राहायला लागलो. तीही त्याच कारखान्यात, चव्वेचाळीस वर्षं. तिचं काम पानं निवडण्याचं. मुरलेलं पान एका टोपलीत, कच्चं दुसऱ्या, फाटकं तिसऱ्या. मुरलेलं पान तपकिरी असतं, कच्च्यावर हिरवट झाक राहते. कच्चं परत ढिगात जातं आणि पोत्यांखाली आणखी दोन महिने मुरतं. ते चुकून चिरुटात गेलं तर ओढणाऱ्याची जीभ सोलून निघते. म्हणजे आठही टेबलांची अब्रू अक्काच्या टोपलीत होती.

त्या दिवशी जेवताना तिनं विचारलं, “भाजीत मीठ कसं आहे?”

“बरोबर आहे.”

“घातलंच नाहीये.”

मी जेवत राहिलो. तिनं मिठाची बरणी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, “किती दिवस झाले?” मग मी सांगितलं.

त्यानंतर आमचं असं ठरून गेलं. शुक्रवारी कामावर जाताना वाटेत अक्का सांगायची, “या आठवड्यात पान चांगलं आहे. सौम्य लिही.” किंवा, “नवा ढीग काढलाय, थोडा कडक आहे.” चिरूट घट्ट वळला असेल तर ते ओठांना कळतंच, त्यासाठी जिभेची गरज नाही. जळतो कसा ते डोळ्यांना दिसतं. आणि माझ्या शेजारच्या टेबलावर एक बाई बसते, तिला सगळे रेडिओ म्हणतात, कारण ती सकाळी आठला सुरू होते. धूर कडक असला की रेडिओ खोकते. अशा उधारीच्या खुणांवर मी दोन वर्षं चव बघत होतो.

गेल्या वर्षापासून अक्का चालताना माझं कोपर धरायला लागली. म्हणायची, गुडघा दुखतो.

एका मंगळवारी चौकातला दुकानदार तीन खोकी घेऊन आला आणि ती त्यानं मालकांच्या टेबलावर आपटली नाहीत, नुसती ठेवली. ते जास्त वाईट दिसलं.

“माल परत घ्या,” तो म्हणाला. “पूर्वी हा चिरूट ओढून माणूस दोन शब्द बोलत बसायचा. आता पाणी मागतो. एकानं तर मला विचारलं, हा चिरूट आहे की शिक्षा?”

आमचे मालक म्हणजे थोरल्या मालकांचे धाकटे चिरंजीव. चांगला माणूस. त्यांना दम्याचा त्रास, त्यामुळे स्वतः कधी ओढत नाहीत. त्यांनी मला बोलावलं, वही उघडली.

“काका, हा माल तुमच्या हातून गेलाय. सगळीकडे ‘सौम्य’ लिहिलंय.”

“हो.”

“एक ओढून सांगा.”

मी खोक्यातला एक काढून पेटवला. नेहमीसारखाच, काही नाही. गरम हवा. पण टोकाकडे पाहिलं तर राख काळपट, पापुद्र्यापापुद्र्यांची, बोटाच्या पेराएवढीही न होता खाली पडली. मुरलेल्या पानाची राख पांढरी असते आणि बोटभर होईपर्यंत उभी राहते. ही काळी राख मी नवीन पाहत नव्हतो. गेले दोन महिने शुक्रवारी ताटलीत हीच पडत होती. पण अक्का म्हणाली पान चांगलं, म्हणून हवा दमट असेल, वळलेला चिरूट साच्यातून लवकर काढला असेल, अशी मी माझ्याच डोळ्यांची समजूत घालत आलो होतो.

“पान कच्चं आहे,” मी म्हणालो.

“मग हे गेलं कसं?”

मालकांनी वहीच्या पानावर हात ठेवला.

“काका, या महिन्यात तिसरा दुकानदार आहे हा. आणखी दोन गेले तर मला टेबलं बंद करावी लागतील, आठच्या आठ. शुक्रवारी सगळ्यांसमोर चव बघा आणि चूक कुठे होतेय ते सांगा. कुणाची का असेना. ज्याची असेल त्याला मी त्या जागेवर ठेवू शकत नाही.”

संध्याकाळी निघताना मी अक्काच्या ‘मुरलेलं’ टोपलीतली चार पानं सदऱ्याच्या खिशात घातली. रस्ताभर ती खिशात ओलसर लागत होती. खोलीवर आलो तेव्हा खिडकीतून अजून चांगला उजेड येत होता. अक्का पलंगावर बसून पाय चोळत होती.

“अक्का, ही पानं बघ जरा.”

“घरी आणलीस? फाटकावर झडती घेतली असती तर म्हातारपणी चोर म्हणून मिरवला असतास.”

“बघ तर.”

तिनं पानं घेतली, अंगठा शिरेवरून देठापासून टोकापर्यंत फिरवला, एकेक नाकाशी नेलं. “चारही मुरलेली. का?”

“रंग बघ.”

“बघितला.”

“दोन हिरवी आहेत, अक्का.”

चारही पानं तिनं एकावर एक ठेवली, कडा जुळवल्या, आणि मी जिथे बसलो आहे असं तिला वाटलं तिथे हात पुढे केला. मी थोडा डावीकडे होतो.

“कधीपासून?” मी विचारलं.

“गेल्या हिवाळ्यापासून. सगळं चहाच्या रंगाचं दिसतं. हिरवं, तपकिरी, तू, ती भिंत. डॉक्टर म्हणाला मोतीबिंदू असता तर काढला असता, पण मागचा पडदाच गेलाय.”

“कुणाबरोबर गेली होतीस?”

“एकटीच. येताना दोनदा भलत्याच जिन्यात चढले. दुसऱ्या खेपेला त्या बाईनं चहा दिला.”

“आणि पानं?”

“बोटांनी निवडत होते. कोरडं पान बोटांना कळतं रे. कच्चं कडकड करतं, मुरलेलं नुसतं सुस्कारा टाकतं. सुरुवातीला एकही चुकलं नाही. पण तीन महिने झाले, धूळ उडू नये म्हणून मालक पानं पाण्याचा हात मारून पाठवतात. ओली झाली की सगळी एकाच आईची.”

“वास?”

“चव्वेचाळीस वर्षं त्या वासात बसल्यावर नाकाला काय कळणार?”

“मला सांगायचं तरी.”

“तुला सांगून काय? मी विचार केला, चुकून कच्चं गेलंच तर बोबड्याला राखेवरून दिसेल.” लहानपणी मी बोबडा बोलायचो, ते नाव तिनं सोडलेलं नाही. “बोबड्या काही बोलत नाही, म्हणजे माझी बोटं बरोबर आहेत.”

“आणि मला राख काळी दिसायची तेव्हा मी म्हणायचो, अक्का म्हणते पान चांगलं आहे.”

ती हसली. फार नाही, नाकातून. “आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं.”

“यातलं कुत्रं कोण?”

“ते तू ठरव. आंधळ्याची जागा भरली.”

दिवा लावून मी स्वयंपाकाला लागलो. तिनं बसल्या जागेवरून सांगितलं, “शुक्रवारी माझं नाव घे. मी आता बाहत्तरची झाले. तू अजून बसशील पाच-दहा वर्षं. राख दिसते, ओढ कळते.”

“आणि चव?”

“रेडिओ खोकली की कडक लिही.”

“थट्टा करू नकोस.”

“थट्टा नाही. एकानं तरी आत राहायला हवं. दोघं घरी बसलो तर दिवसभर एकमेकांचं तोंड बघायचं. मला तर तेही दिसणार नाही.”

तिची जागा गेली तर काय होईल ते मला दिसत होतं. या खोलीत, या पलंगावर, रेडिओची बडबड नाही की टोपल्यांची ओढाओढ नाही, अक्का महिन्याभरात विझली असती. माझं काय, मी जिन्यावर बसलो असतो तरी माझे दिवस गेले असते. पण हेही खरं की मी स्वतःचं नाव पुढे केलं, तरी तिची टोपली तशीच राहणार होती. बुधवार, गुरुवार आम्ही यावर बोललो नाही. भाजीत मीठ जास्त होतं की कमी, ते तिनंही सांगितलं नाही.

शुक्रवारी तीन वाजता मालकांनी सगळ्यांना हात थांबवायला सांगितलं. पानं कापायची पाती खाली ठेवल्याचा आवाज झाला. पंचवीसेक माणसं माझ्याकडे बघत होती. पलीकडे भिंतीला लागून अक्का टोपल्यांमध्ये बसली होती, तोंड माझ्या दिशेला.

मी पहिला पेटवला. मग दुसरा. तिसऱ्याला रेडिओ खोकली. आठही पेटवून झाले तेव्हा ताटलीत सगळीकडे काळी राख होती. आता एवढंच म्हणायचं होतं की पान कच्चं आहे, मग सगळ्या माना आपोआप भिंतीकडे वळल्या असत्या. मला नाव घ्यायचीही गरज नव्हती.

“मालक, यात कच्चं पान आहे,” मी म्हणालो. “पण हे मी राखेवरून सांगतोय. चव मला लागत नाही. दोन वर्षं झाली.”

रेडिओ म्हणाली, “म्हणजे काका, दोन वर्षं तुम्ही आमच्या तोंडाला पानं पुसलीत?” मागे कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. रेडिओलाही बोलून वाईट वाटलं असावं, तिनं समोरचं पातं उगाच पुसलं.

मालक खाली बसले. “मग वहीत लिहिलंत ते?”

“ऐकीव.”

“कुणाचं?”

“माझंच समजा. कच्चं आलं तरी इथे अडवायचं, हे काम माझं होतं. मी अडवलं नाही. माझी चूक.”

मालकांनी वही जवळ ओढली. पानं उलटत राहिले, जणू दोन वर्षांचे ‘सौम्य’ मोजत होते. मग रेडिओकडे बघून म्हणाले, “पुढच्या शुक्रवारपासून तुम्ही बसा.”

“मी? नवरा काय म्हणेल?”

“थोटकं त्याला न्या.”

“मग काही म्हणणार नाही.”

हसू पसरलं. संपलं असं मला वाटलं. मी स्टुलावरून उठायला गेलो. तेवढ्यात भिंतीकडून टोपली सरकल्याचा आवाज आला. अक्का उठली होती. पहिल्या टेबलाची कड धरून, मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची, अशी ती येत होती. लोक तिच्या वाटेतून पाय काढून घेत होते.

“अक्का, तू बस,” मी म्हणालो.

“तू गप. तुझं बोलून झालं ना?” ती मालकांच्या आवाजाकडे वळली. “पानं मी निवडते. हिरवं मला दिसत नाही. रेडिओला चांगली जीभ आहे, पुढच्या शुक्रवारी आठही टेबलांपुढे ‘परत’ लिहील. मग सगळ्यांचा आठवडा पाण्यात. त्यापेक्षा आजच सांगते.”

मालक उठून उभे राहिले. अक्कानंच त्यांना लहानपणी पानाच्या शिरा मोजायला शिकवलं होतं. “अक्का, आधी बसा. गुडघा दुखेल.”

“गुडघे चांगले आहेत माझे,” अक्का म्हणाली.

मी माझ्या कोपराकडे पाहिलं.

मालकांनी सांगितलं, “निवडायला नाही बसवता येणार. शिरा काढायला बसा. त्याला बोटं पुरतात.”

पानाच्या मधली जाड शीर ओढून काढायची, हे कारखान्यातलं सगळ्यात पहिलं काम. नव्या आलेल्यांचं. मागच्या शेडमध्ये, खाली चटईवर बसून, सगळ्यांच्या एक तास आधी सुरू होणारं. तिथल्या प्रत्येकाला अक्कानंच कधी ना कधी हात धरून शिकवलं होतं. सगळ्यांना वाटलं ती नको म्हणेल.

“सात वाजता ना?” तिनं विचारलं.

“सात.”

“बरं.”

मग मालक माझ्याकडे वळले. “काका, तुम्ही...”

“मी सोमवारपासून येणार नाही,” मीच म्हणालो. “हिला सोडायला फाटकापर्यंत येईन.”

घरी येताना अक्कानं माझं कोपर धरलं आणि या खेपेला गुडघ्याचं नाव काढलं नाही. पायऱ्या आल्या की मी आकडा सांगायचो, ती पाऊल टाकायची. लाँड्रीतून इस्त्रीची वाफ येत होती. निदान दिसत तरी होती.

वर आल्यावर ती खिडकीपाशी खुर्चीत बसली. मी तोंड धुतलं, दुसऱ्या खुर्चीत बसलो. काय करायचं ते दोघांनाही सुचेना. शुक्रवारी या वेळेला आम्ही कधी घरी नसायचो.

“एक चिरूट दे,” अक्का म्हणाली.

“काय करायचाय?”

“ओढायचाय. चव्वेचाळीस वर्षं पानं निवडली, एकदा ओढला नाही.”

“आता ओढून काय मिळणार?”

“तुला देता येतो की नाही ते सांग.”

कपाटात एका पत्र्याच्या डबीत पाच चिरूट होते. ताप येण्याच्या आधीच्या आठवड्यातले, शेवटचे, ज्यांच्यापुढे मी खरंखुरं ‘सौम्य’ लिहिलं होतं. अक्काचे डोळे तेव्हा चांगले होते. डबी मी दोन वर्षं उघडली नव्हती. एक काढला, बोटांत फिरवला. वाळला होता, पण फुटला नव्हता. टोक कापून पेटवला आणि तिच्या बोटांत दिला.

“धूर गिळू नकोस. तोंडात ठेव आणि सोड.”

तिनं ओढला. खोकली नाही. धूर सोडून तोंड मिटून बसली.

“कसा आहे?”

“थांब रे.” तिनं दुसरा झुरका घेतला. “बाबांच्या कोटाच्या खिशासारखा.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय, तसाच. हिवाळ्यात आपण हात घालायचो ना, तसा.”

खिशात कागद, सुतळी आणि कसलासा भुगा असायचा. मला तो हाताला आठवला, नाकाला नाही.

“मधोमध गोड लागतो का? जळक्या साखरेसारखा?”

“घाई करू नकोस.” तिसरा झुरका. “आहे. थोडा.”

“आणि टाळूला?”

“टोचतं. बारीक.” ती खुर्चीत मागे टेकली. “एवढंच? याच्यावर तू एकवीस वर्षं लिहीत होतास?”

“चारच शब्द.”

“मग आजचा शब्द कोणता?”

“तू ओढतेयस, तू सांग.”

तिनं विचार केला. “ठीक,” ती म्हणाली.

ती खरं सांगत होती की मला बरं वाटावं म्हणून, ते मला कळायला मार्ग नव्हता. गवत, साखर, मिरं हे शब्द तिनं माझ्या तोंडून शंभरदा ऐकले असतील. पण चिरूट संथ, सरळ जळत होता, आणि टोकाला राख धरली होती.

“सोमवारी सहाला उठव मला,” ती म्हणाली.

“उठवीन.”

“चटईवर बसून कंबर धरेल.”

“उशी घेऊन जाऊ.”

“राख झाली असेल ना? कुठे झाडू?”

“झाडू नकोस.”

“केवढी झाली?”

“बोटभर.”

“रंग?”

“पांढरी आहे, अक्का. उभी आहे.”

“पडेल का?”

“हात हलवू नकोस.”

तिनं हात खुर्चीच्या दांड्यावर टेकला आणि हलवला नाही.